तहानलेलं औषध

९ मार्च, सोमवार

काका आला.

शुक्रवारी गेला, आज आला. मधले तीन दिवस हॉस्पिटलच्या शीतगृहात, कारण एका कागदावर एक सही राहिली होती. तोंडावरची चादरसुद्धा नीट नव्हती. ती थंड हवा अंगातलं पाणी कशी पिऊन टाकते, हे त्या लोकांना कोण सांगणार! सांगून झालंय तसं. दहा वेळा.

गाडीवाले मामा म्हणाले, "हलका आहे गं फार. मला वाटलं, स्ट्रेचर रिकामंच दिलं." मग त्यांना आठवलं कोण आहे ते. टोपी काढून बराच वेळ दाराशी उभे राहिले.

तीन महिने पोटात अन्न ठरत नव्हतं. शेवटी शेवटी पाणीही नाही. ओठ तपकिरी, कडक. पापण्या मिटत नाहीत, कारण डोळेच आत गेलेत. बोटांची टोकं सुरकुतलेली. आणि दाढी नाही! ऑक्सिजनचा मास्क बसेना म्हणून नर्सने काढली म्हणे. काकाला दाढीशिवाय मी जन्मात पाहिलं नाही. क्षणभर वाटलं, चुकीचा माणूस आणला. मग कानाची पाळी पाहिली. कान त्याचाच.

या टेबलाशी तो आणि बाबा वीस वर्षं समोरासमोर उभे राहून मढी तयार करायचे. मी शिकायला आले तेव्हा टेबल मला उंच पडायचं, तर त्याने एका दुपारी फळ्या ठोकून पाट केला. "चढ, बुटके." आज त्याच पाटावर चढून त्याचं तोंड पाहिलं.

रडले नाही. कामाला लागले. चेहऱ्यावर लॅनोलिनच्या मलमाचा जाड थर, वर ओला कापूस, हातांनाही तसंच. देह टिकवायचं पहिलं द्रावण शिरेतून अगदी सौम्य दिलं. कडक दिलं असतं तर चामडं झालं असतं. सौम्य दिलं तर पाच दिवस टिकेल का?

पाच दिवस — कारण चुलतभाऊ जहाजावर आहे. शनिवारी सकाळी अकराला पोहोचतो. काकूने माझा हात इतका घट्ट धरला, की अंगठी रुतली. "चार वर्षांनी बापाला बघणार आहे तो. असं नको बघायला. तू वचन दे."

दिलं. तोंडातून निघून गेलं!

बाबांना काही सांगितलेलं नाही.


१० मार्च, मंगळवार

का नाही सांगितलं ते इथे तरी लिहावं. दुसरीकडे कुठे लिहिणार?

एक — डॉक्टर. दोन महिन्यांपूर्वी बाबांचं हृदय दगा देता देता राहिलं. "धक्का बसेल असं काही घरात बोलू नका." आमच्या घरात! जिथे जेवताना मढ्यांच्या गोष्टी चालतात.

दोन — आजी. अकरा वर्षं झाली. आजी गेली तेव्हा दोघा भावांनी तिला मिळून तयार केलं. बाबांना ती शेवटी होती तशी हवी होती — बारीक, गाल बसलेली, शांत. काकाला ती आजाराआधीची हवी होती. बाबा कपडे आणायला घरी गेले आणि इकडे काकाने तिचे गाल भरले, ओठांवर रंग दिला. प्रेमानेच दिला. बाबा परत आले, सगळे नातेवाईक जमलेले, आणि त्यांच्यादेखत म्हणाले, "ही माझी आई नाही." खिशातला रुमाल काढून रंग पुसायला लागले.

काकाने एप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि गेला. परत पाऊल टाकलं नाही. बाबांनी एवढंच सांगून ठेवलं, "तो मेला तरी मला सांगू नका."

ते रागात बोलले होते. पण बोलले तर होते.

काकूचंही तेच. "भाऊजींना कळवू नकोस. येऊन पुन्हा तसंच काही बोलले तर माझ्या मुलाने काय करायचं?"

तिने पेपरात निधनाची बातमी दिली आहे. सकाळी बाबा उठायच्या आत ते पान काढलं.


मंगळवारच, दुपार

एक मूर्खपणा केला. जेवायला घरी गेले होते. काही सुचेना म्हणून बाबांनाच विचारलं. "एक केस आहे. सुकलीय फार."

लगेच ताठ बसले. चहा बाजूला सरकवला. या एका गोष्टीत ते अजून आजारी नाहीत.

"वय?"

"पन्नाशी." थाप.

"आजार?"

"नाही. अचानक. शीतगृहात राहिला." दुसरी थाप.

"मग वरवर सुकलाय. आत पाणी असणार त्याच्या. ओलाव्याचं औषध दुप्पट घे, पाणी निम्मं कर. आतलं पाणी ओढून कातडीपर्यंत आणतं ते."

मी वहीत लिहून घेतलं. शहाण्या मुलीसारखं.


११ मार्च, बुधवार

दुसरं द्रावण दिलं. बाबा म्हणाले तसं — औषध दुप्पट, पाणी निम्मं. संध्याकाळपर्यंत चेहरा भरायला हवा.

काकू फोटो देऊन गेली. पंधरा वर्षांपूर्वीचा. काका हसतोय आणि गालभर दाढी. फोटोचा काय उपयोग? दाढीच दिसते! काकूला विचारलं, बिनदाढीचा एखादा आहे का. ती म्हणाली, "लग्नातही होती गं. आतला माणूस कसा दिसतो मलाच माहीत नाही." आणि हसली. आणि मग रडली. मी तिला खुर्ची दिली.

मामा म्हणतात, नाटकवाल्यांकडून दाढी आणू का? मी भडकले. नंतर पाच मिनिटं खरंच विचार करत होते. इतकी पाचावर धारण बसली आहे.

घरी बाबा पेपर उलगडून बसलेले. "आतलं पान कुठे गेलं कालचं?"

"कपाटात अंथरलं."

"एकच? कप्पे तर चार आहेत."

"सापडलं ते अंथरलं, बाबा!" उगाच ओरडले त्यांच्यावर.


१२ मार्च, गुरुवार

सकाळी कापूस उचलला आणि तोंडचं पाणी पळालं.

जास्त सुकलाय. कमी नाही — जास्त! गाल आणखी आत. नाकाचा शेंडा टोकदार. दाढीचे खुंट वर आलेत, कातडी मागे सरकली की येतात तसे. लोकांना वाटतं, मेल्यावर दाढी वाढते. काही वाढत नाही. माणूस आटतो.

पाटावर बसून राहिले. मामांनी न विचारता चहा आणून ठेवला. अडतीस वर्षांची बाई, सोळा वर्षांचा हात — आणि आपल्या काकाचं हे करून ठेवलं. शनिवारी त्याचा मुलगा दारात उभा राहील आणि मी काय म्हणू? औषध चुकलं?

आणि चूक औषधाची नाहीच. मी खोटं सांगितलं, त्याला खोट्यावरचा उपाय मिळाला.


गुरुवार, दुपार

घरी गेले. बाबा खिडकीपाशी गोळ्यांची डबी घेऊन बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं.

"बाबा, परवा मी नीट सांगितलं नाही. पन्नाशीचा नाही. पासष्टच्या पुढचा. तीन महिने पोटात काही नव्हतं. शेवटी पाणीही नाही. मी तुम्ही सांगितलं तसं केलं आणि आणखी आटला."

मला वाटलं ओरडतील. पूर्वी ओरडायचे, भांडी हलायची. ओरडले नाहीत. गोळ्यांची डबी बंद केली.

"दाढी होती?"

"का?"

"खुंट वर आलेत का ते विचारतोय."

"आलेत. होती दाढी. हॉस्पिटलात काढली."

"हं." मग म्हणाले, "पाणी दे." मी ग्लास दिला. सगळा प्यायले, एका दमात. एरवी दोन घोटांवर जात नाहीत. म्हटलं, औषधांमुळे तहान लागत असेल.

मग सावकाश सांगायला लागले. असं त्यांनी मला शिकतानाही कधी सांगितलं नव्हतं. "ओलाव्याचं औषध स्वतःच तहानलेलं असतं. बरोबर पाणी दिलंस तर ते पाणी धरून ठेवतं, मांसाला देतं. पाणी नाही दिलंस तर मांसातलंच ओढून घेतं. जाड्या माणसाकडून ओढलं तर चालतं. याच्याकडे होतं काय ओढायला?"

मी वही काढली.

"घाबरू नकोस. कोमट पाणी घे, भरपूर. औषध नावाला. पंप अगदी हळू — लावलाय की नाही असं वाटलं पाहिजे. एक बाटली, मग तासभर थांब. मग दुसरी. हात चोळत राहा, बोटांकडून मनगटाकडे नको, मनगटाकडून बोटांकडे. तहानलेल्या माणसाला कोणी भडाभडा पाजतं का?"

"टिकेल का पण? इतकं पाणी दिलं तर?"

"परवापर्यंत टिकेल."

परवा म्हटलं त्यांनी. मी शनिवारचं बोलले होते का त्यांच्याशी? बोलले असेन. डोकं ठिकाणावर नाही माझं.


गुरुवार, संध्याकाळ

तीन बाटल्या गेल्या. प्रत्येकीनंतर तासभर थांबले. थांबणं सगळ्यांत अवघड. घड्याळाकडे बघायचं, त्याच्या हाताकडे बघायचं. दुसऱ्या तासाला वाटलं, उगाच आशेवर आहे. तिसऱ्या तासाला त्याच्या करंगळीवर बोट दाबलं आणि ती हळूच परत वर आली. आली!

मी मोठ्याने ओरडले. मामा धावत आले, म्हणाले, "काय झालं? उठला का?"

हसले मी. चार दिवसांत पहिल्यांदा. काकाही हसला असता, असले विनोद त्यालाच आवडायचे.


१३ मार्च, शुक्रवार

सकाळ. घाबरत घाबरत कापूस काढला.

हात माणसाचे झालेत. बोटं गोल, नखांखाली हलका रंग. कपाळ मऊ. ओठांवर रात्रभर ग्लिसरीनची पट्टी ठेवली होती, तपकिरी साल मऊ होऊन सुटली, खाली खरा ओठ आहे. रंग लावणार नाही. मलम फक्त. काकाने लावला असता. मी नाही लावणार.

खुंट मऊ झाल्यावर दाढी नीट करून टाकली. अर्धवट ठेवण्यात अर्थ नव्हता.

राहिल्या दोन गोष्टी. पापण्या — आत आधाराच्या वाट्या बसवून मिटायच्या. आणि गाल. उजवा बराच वर आलाय. डावा नाही. डाव्या गालाच्या हाडाखाली अंगठा मावेल एवढा खड्डा तसाच आहे. शीतगृहात त्या कुशीला मान वळली असेल, तिथलं मांस जास्त सुकलं असेल. पाणी तिथवर पोहोचत नाही म्हणजे सुईनेच भरावा लागणार. तोंडाच्या आतून सुई घालून थोडं थोडं भरायचं. सोपं काम. पण एकदा आत गेलं की परत निघत नाही.

अजून पाणी सरकतंय, म्हणून आज नको. उद्या पहाटे. सुई, भरायचं औषध, वाट्या, सगळं ताटात मांडून वर फडकं टाकलं.


शुक्रवार, दुपार

काकू आली. मी दिवा जरा मंद केला आणि बाजूला झाले.

तिने त्याचा हात हातात घेतला. "मऊ आहे," म्हणाली. किती वेळ तेच. "मऊ आहे गं." मला वाटलं, जिंकलं.

मग चेहऱ्याकडे पाहिलं. पाहत राहिली. "छान केलंस. खरंच छान. पण..." पदर तोंडाला लावला. "मला ओळख पटत नाही. दाढी नाही म्हणून असेल ना? तसंच असेल. तू सांग ना, हे असेच दिसत होते का?"

मी काय सांगणार! मी म्हटलं, "उद्या गाल भरले की पटेल." आणि बोलता बोलताच अंगावर काटा आला. गाल भरले की. आजीच्या वेळी काकानेही हेच म्हटलं असणार.

उद्या चुलतभाऊ दारातून आत येऊन म्हणाला, हे माझे बाबा नाहीत — तर? पुन्हा तेच? या खोलीत दुसऱ्यांदा?

विसाव्या वर्षी दाढी ठेवली त्याने. त्याच्या आधीचा चेहरा पाहिलेलं कोण उरलंय? आजी गेली. आजोबा कधीच गेले. काकूने पाहिला नाही, मुलाने नाही, मी नाही.

एकच माणूस उरलाय. आणि त्यालाच सांगायचं नाही.


शुक्रवार, संध्याकाळ

जेवताना तीनदा तोंड उघडलं. तीनदा मिटलं.

पहिल्यांदा त्यांच्या ताटाशेजारच्या गोळ्यांकडे लक्ष गेलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांचा आवाज आठवला. तिसऱ्यांदा खरं कारण सांगायचं तर मी भ्याले. ते म्हणाले असते, कोण काका? मला भाऊ नाही. मग मी उद्या त्या टेबलाशी उभी कशी राहिले असते?

त्यांनीच विचारलं. "तुझी केस कशी आहे?"

"बरी आहे. हात सुरेख आले. तुम्ही सांगितलं तसं केलं."

"काय राहिलंय?"

"पापण्या. आणि गाल भरायचे थोडे. पहाटे जाईन."

"किती वाजता?"

"साडेपाच."

"हं," म्हणाले. ताट स्वतः उचलून नळाखाली ठेवलं आणि आठ वाजायच्या आत झोपायला गेले. आजकाल लवकर दमतात.

मला त्यांची फसवणूक करायची नव्हती. खरंच नव्हती. चार दिवस त्यांच्याच भावावर त्यांच्याकडूनच उपचार करून घेतले आणि त्यांना कळू दिलं नाही. त्यांना कळलं तर मला माफ करणार नाहीत, आणि नाही कळलं तर मी स्वतःला नाही करणार. हे लिहून काही हलकं वाटत नाहीये.

उद्या दोन्ही गाल सारखे करायचे. जास्त नाही. देवा, जास्त नको व्हायला.


१४ मार्च, शनिवार, पहाट

निघायला घराचं दार उघडलं तर बाबा बाहेर पायरीवर उभे. आंघोळ करून, पांढरा शर्ट, बटणं एक घर चुकून लावलेली. हातात घडी केलेला एप्रन. त्यांचा नाही. काकाचा.

"डाव्या गालाला सुई लावू नकोस," म्हणाले. "तो खड्डा सुकल्याचा नाही. भोवऱ्याची आर लागलीय. मी मारला होता. तो पाच वर्षांचा होता."

मी त्यांना कुठला गाल ते सांगितलं नव्हतं. खड्डा आहे हेही नाही.

बटणं नीट लावून दिली. त्यांची गोळी माझ्या पर्समध्ये टाकली.

"चल," म्हणाले. "पापण्या मी मिटतो त्याच्या."